डोंगल कोणाच्या खिशात?

मनू,

तहसील कार्यालयात महसूल सहायक म्हणून रुजू झालीस, हे आईने फोनवर दोनदा सांगितलं. तुला टेबल, संगणक आणि लॉगिन मिळालं, एवढंही कळलं. टेबलाचं तू बघशील. लॉगिनबद्दल मला बोलायचं आहे, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे.

मी मंडळ अधिकारी होतो तेव्हाची गोष्ट. मार्चअखेर, वसुलीसाठी गावोगाव हिंडणं चाललेलं. फेरफार प्रमाणित करायला डिजिटल सहीचं डोंगल लागतं. ते मी ऑफिसातल्या ऑपरेटरकडे ठेवलं, पिनही सांगितला. पोरगा गुणी होता. साहेबांची पेंडन्सी दिसू नये म्हणून त्याने नोटिशीची मुदत संपलेल्या सगळ्या नोंदी एका दुपारी मंजूर केल्या. त्यातली एक वारसाची होती. तिच्यावर धाकट्या बहिणीने लेखी हरकत घेतली होती. तो कागद माझ्या टेबलावर होता, संगणकाला त्याची खबर नव्हती. सातबाऱ्यावर भावांची नावं लागली, बहिणीचं राहिलं. ती प्रांतांकडे अपिलात गेली आणि निकाल लागेपर्यंत दोन वर्षं तारखांना येत राहिली. मला कारणे दाखवा नोटीस आली. खुलाशात काय लिहिणार? सही माझी नव्हती म्हणून? माझीच होती ती. ऑपरेटरचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

तेव्हा मनू, तुझा पासवर्ड म्हणजे तुझी सही. कोरा कागद सही करून कुणाला देशील का? मग ‘मॅडम, तुमचा ओटीपी सांगा, मी करून टाकतो’ म्हणणाऱ्यालाही हसून नाही म्हण. रागावतील. चार दिवसांनी विसरतात.

ई-मेलचं थोडं वेगळं आहे. पदनामाचा मेल हा खुर्चीचा असतो, माणसाचा नव्हे. बदली झाली की चार्ज यादीत किल्ल्या आणि नोंदवह्यांबरोबर तोही द्यायचा. घेणाऱ्याने पहिल्या दिवशी पासवर्ड बदलायचा. आपल्याकडे मात्र ‘माझ्या जीमेलवर टाक, लवकर दिसतं’ ही सवय वरपासून खालपर्यंत आहे. साहेबांची बदली होते, जीमेल त्यांच्याबरोबर जातं आणि मागे राहिलेली पोरं जुनं पत्र शोधत बसतात. सरकारी काम सरकारी मेलवरूनच करावं, तो मेल खासगी खात्यावर वळवू नये, असं केंद्राच्या २०१५च्या ई-मेल धोरणातच स्पष्ट केलं होतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या आदेशाचंही तसंच. काम थांबवू नकोस, पण ‘साहेब, मेलवर येऊ द्या’ एवढं नम्रपणे लिहून ठेव.

मेल लिहिताना फायलीवर टिपणी लिहितो आहोत असं समज. २००५च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल नावानिशी आहे. उद्या एखादा अर्जदार तुझा मेल रीतसर मागू शकतो. अमक्या पक्षकाराबद्दल टवाळकी, साहेबांवरची कुरबुर यांसाठी चहाची टपरी आहे.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, तेव्हा जळालेल्या फायलींवर आम्ही महिनोन्‌महिने हळहळलो. पण झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेला पेनड्राइव्ह मशीनला लावून त्यातल्या व्हायरसने फायली गेल्या, तर धूरसुद्धा दिसत नाही. बाहेरचा पेनड्राइव्ह लावूच नकोस. वेतन आयोगाच्या फरकाचा तक्ता म्हणून अनोळखी मेलवरून काही आलं, तर आधी आस्थापनेला विचार. फरकाच्या लोभात सगळेच असतात, म्हणून तर तसलं आमिष टाकतात.

घरचं रेल्वे तिकीट एखाद्या वेळी ऑफिसच्या संगणकावर काढलंस म्हणून आभाळ कोसळणार नाही. मीही काढलं आहे. पण भाच्याचा प्रोजेक्ट, मैत्रिणीचा बायोडाटा, लग्नाची पत्रिका असं करत करत प्रिंटरचं टोनर संपतं, आणि दाखल्यासाठी ताटकळलेल्या म्हातारीला ‘उद्या या’ ऐकावं लागतं. ती पन्नास रुपये भाडं खर्चून आलेली असते.

पहिल्या पगारात आईला साडी घेणार आहेस म्हणे. घे. पण रुजू झालीस तेव्हा चिठ्ठीवर लिहून दिलेला पासवर्ड बदललास की नाही, ते मला आधी कळव.

तुझा,
मामा