द्वेषावाचून चालणारा भेदभाव

भेदभाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे एखादा उद्धट, दुष्ट मनुष्य येतो. असा कोणी आपल्या संस्थेत नसला म्हणजे संस्था निर्दोष, असे आपण धरून चालतो. परंतु भेदभाव नियमांत, रजिस्टरात, अर्जाच्या रकान्यात आणि कामाच्या वाटपातही मुक्काम करून राहतो. माणसे बदलतात, तो तसाच राहतो. यालाच संस्थात्मक भेदभाव म्हणतात.

उदाहरण आपल्याच राज्याचे घेऊ. मध्य प्रदेशाच्या १९८७ च्या कारागृह नियमपुस्तकात शौचकूपाचे काम ‘मेहतर’ या नावाखाली लिहिलेले होते. मेहतर हे पदाचे नाव की जातीचे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलाच नाही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्याला तेव्हा ३७ वर्षे झाली होती! पत्रकार सुकन्या शांता यांनी निरनिराळ्या राज्यांतील असे नियम उजेडात आणले व सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरविले, तीन महिन्यांत दुरुस्ती करण्यास सांगितले आणि कैद्यांच्या रजिस्टरातील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. या खटल्यात कोणी एक जुलमी जेलर आरोपी नव्हता. आरोपी होते पुस्तक.

मग नियम चांगला केला की काम झाले काय? महाडचा इतिहास पाहा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, ते कागदावर. प्रत्यक्ष पाणी घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना लोकांसह तळ्यावर जावे लागले. आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत १९३७ साल उजाडले.

विलायतेतही निराळे नाही. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला. तपास कसा झाला याची चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांनी केली. नकळत बाळगलेला पूर्वग्रह, अज्ञान आणि बेफिकिरी यांतूनही संस्था अन्याय करते, असे त्यांनी १९९९ च्या अहवालात स्पष्ट म्हटले.

आता आपल्या घराजवळ येऊ. एका शाळेत असताना स्नेहसंमेलनातील मराठी नाटकाची तालीम माझ्याकडे कधी आली नाही. माझ्या नावावरून माझी भाषा ठरून गेली होती. कोणाच्या मनात वैर नव्हते; गेल्या वर्षीची यादी दरवर्षी उतरवून काढली जात होती, इतकेच. पांढुर्णा-सौंसरकडे घरी मराठी किंवा गोंडी बोलणारे मूल हिंदीतील प्रश्न न कळल्यामुळे गप्प बसले, तर त्याला ‘कच्चे’ ठरविणे हाही त्याच जातीचा प्रकार होय.

यास उपाय काय? पहिल्याने माणसाला दोष देऊ नये. दोष दिला की तो स्वतःचा बचाव करू लागतो आणि यादी तशीच राहते. आपण यादी मागावी. वर्ग कोण झाडतो, पंगतीत कोण कोठे बसते, शिष्यवृत्ती पाच वर्षांत कोणत्या मोहल्ल्यांत गेली, अर्जावर ओळखीच्या दोन सभासदांच्या सह्या का लागतात? (ज्याची ओळख नाही, त्यालाच बहुधा मदतीची गरज असते.) उत्तर ‘पूर्वीपासून असेच आहे’ असे आले, तर तेथेच थांबून चौकशी करावी. एकट्याने भांडण्यापेक्षा दोघातिघांनी मिळून लेखी सूचना द्यावी, ती सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्यावी, आणि बदल झाला की नाही हे पाहण्याची तारीख त्याच ठरावात घालावी. ती तारीख नसली की ठरावाचे काय होते, हे महाडकरांनी पाहिले आहे.