आधी मोज, मग हात लाव

घाटकोपरला स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक थाटतेयस, मशीनं बघत फिरतेयस, म्हणून सांगते. आधी एक चांगला गोनिओमीटर घे, शिंप्याची टेप, स्टॉपवॉच आणि बिनहाताची, न घसरणारी लाकडी खुर्ची घे. बाकी सगळं हप्त्याहप्त्याने येत राहील.

पेशंटला विचारशील, "काय म्हणतोय गुडघा?" तो म्हणेल, "बरं आहे मॅडम." त्या उत्तरावर जाऊ नकोस. आपली माणसं समोरच्याला वाईट वाटू नये म्हणूनही बरं आहे म्हणतात आणि पैसे संपत आले म्हणूनही. पहिल्याच दिवशी, शेक द्यायच्या आधी, गुडघा किती वाकतो ते मोज. गोनिओमीटरचा मध्य गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. झोपवून मोजलंस तर दर वेळी झोपवूनच, आणि शक्यतो त्याच वेळेला. दिवसभर लोकलमध्ये उभा राहून संध्याकाळी आलेला पाय सकाळच्या पायाशी ताडून बघण्यात अर्थ नाही. दोनतीन अंशांचा फरक आला तर लगेच खूश होऊ नकोस. मोजण्यातच पाच अंशांपर्यंत इकडेतिकडे होतं.

सगळेजण वाकण्याच्या मागे लागतात, गुडघा सरळ होतोय का हे राहून जातं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेव आणि बघ. पाच-दहा अंश अडले तरी माणूस लंगडतो. सपाट चालायला ६०-६५ अंश वाकलं तरी भागतं, जिन्याला ९० ते १०० लागतात. आकडा सांगताना पेशंटच्या रोजच्या रस्त्यावरचा सांग. "काकी, ९५ झाले, आता स्टेशनच्या पुलाचा जिना एका पायरीवर एकच पाय टाकत उतरायची तयारी करू," असं म्हटलंस की काकी घरी व्यायाम करतात. नुसतं "९५" म्हटलंस तर मान डोलावतात आणि विसरतात.

आता ताकदीचं. शून्य ते पाचची श्रेणी आपण सगळ्या शिकलो. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला नसांच्या जखमांसाठी छापली, पण हाताने ताकद तपासायची रीत त्याआधीपासून पोलिओच्या मुलांवर घडत आली होती. आपल्या परळच्या केईएममध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीची शाळा निघाली, तेव्हाही पोलिओ घरोघरी ठाऊक होता. लुळ्या पायात एकातून दोन, दोनातून तीन होणं ओळखायला ती श्रेणी आजही उत्तम. पण बोरिवलीचा, गुडघ्यातल्या एसीएल लिगामेंटचं ऑपरेशन झालेला क्रिकेट खेळणारा पोरगा आला, की तिचा उपयोग संपतो. त्याची मांडी तुझ्या हाताला सहज हरवेल आणि तू "पाच" लिहून मोकळी होशील. दोन पायांत मोठा फरक असला तरी तो हाताला कळत नाही.

म्हणून हातात धरायचा डायनॅमोमीटर घे आणि तो हाताने न दाबता पट्ट्याने पलंगाला बांधून वापर. तोवर पट्टा अडकवून सामान तोलायचा डिजिटल काटासुद्धा कामाला येतो. पोलिओच्या मुलांची ताकद स्प्रिंगच्या काट्याने मोजायची पद्धत लव्हेट आणि मार्टिन यांनी १९१५ मध्येच मांडली होती, तेव्हा त्यात कमीपणा मानू नकोस. गुडघा ९० अंशांत, पट्टा घोट्याच्या जरा वर, गुडघ्यापासून पट्ट्यापर्यंतचं अंतर टेपने लिहून ठेव. चांगला पाय आधी. "ढकल, ढकल, ढकल" हे दर वेळी त्याच आवाजात. तीन वेळा, मध्ये विश्रांती. मैदानात परतायला दुखऱ्या पायाची ताकद चांगल्याच्या निदान ९० टक्के हवी असं साधारण धरतात. पण घरी बसून चांगला पायही वाळतो, हे लक्षात ठेव. ऑपरेशनच्या आधी पेशंट भेटला तर दोन्ही पायांचे आकडे तेव्हाच घेऊन ठेव. पुढे तेच खरे उपयोगी पडतात. नुकत्याच शिवलेल्या पायाला मात्र सर्जनला विचारल्याशिवाय जोर लावायला सांगायचं नाही.

आजीआजोबांना घरी जाऊन बघशील तेव्हा त्यांच्या सोफ्यावर चाचणी नको, तो खोल असतो. साधी १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकव, हात छातीवर, पाच वेळा उठबस. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय अशक्त झालेत, असं आशियातल्या तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांत आहे. पकड मोजलीस तर पुरुषाला २८ किलोच्या खाली आणि बाईला १८ च्या खाली काळजीचं. मग सोसायटीच्या पॅसेजमध्ये तीन मीटरवर खडूची रेघ मार, खुर्चीतून उठून रेघेपर्यंत जाऊन परत येऊन बसायला किती वेळ लागतो ते मोज. तू दुबळ्या बाजूला, हात पुढे करून उभी राहा. पडण्याची भीती वाटली की आजी मुद्दाम हळू चालतात, म्हणून एकदा सराव करू दे.

आकडे पेशंटच्या वहीत तारखेसकट लिही, दुखणं दहापैकी किती आणि वेदनाशामक गोळी घेतली होती का, हेही. गणपतीला गावी गेले तर तिथल्या फिजिओला ती वही दाखवता येते. एखाद्या दिवशी आकडा घटला तर आधी झोप, ताप, प्रवास विचार. पण घटीबरोबर पोटरी सुजलेली, गरम आणि दाबल्यावर दुखणारी असेल, तर मालिश नाही, व्यायाम नाही. त्याच क्षणी डॉक्टरांना फोन कर आणि पेशंटला एकटं घरी पाठवू नकोस.