टाका आणि रेघ : चालत्या संसारात हातकामाला वेळ

आपल्यापैकी कोणालाही विचारावे, "पूर्वी आपण चित्रे काढीत होता, हल्ली का काढीत नाही?" उत्तर ठरलेले असते, "वेळच मिळत नाही." घरातील बाईंना विचारावे, "माळ्यावरच्या जुन्या लुगड्यांची गोधडी केव्हा शिवणार?" उत्तर तेच, "जरा फुरसत मिळू दे." ही उत्तरे खोटी नाहीत. संसार म्हटला की कामे आलीच, आणि हल्ली उरलासुरला वेळ हातातला मोबाइल खाऊन टाकतो. परंतु फुरसतीची वाट पाहण्यात काय गमवावे लागते, हे आम्ही स्वतः अनुभवले आहे. न्यासाच्या या महोत्सवी स्मरणिकेत लिहिण्याची संधी मिळाली, तेव्हा तेच सांगावे असे ठरविले. आम्ही म्हणजे घरची दोघे, एकाला रेखाटनाचा नाद आणि दुसरीला शिवणाचा.

१. माळ्यावरची ट्रंक

आमच्या मातोश्री वारल्या तेव्हा त्यांची पाच सुती लुगडी आम्ही एका पत्र्याच्या ट्रंकेत घातली आणि ट्रंक माळ्यावर चढविली. बोहारणीला ती द्यायची नाहीत, फुरसतीने त्यांची गोधडी शिवायची, असा निश्चय होता. मुलाची परीक्षा होऊ दे, घराला रंग लागू दे, नोकरीतून मोकळे होऊ दे, असे म्हणता म्हणता अकरा वर्षे गेली. ट्रंक उघडली तेव्हा घड्यांच्या रेषांवर कापड विरले होते, तळाच्या लुगड्याला गंजाचे डाग पडले होते आणि एकाला कसर लागली होती. पाचांतून कामाची अशी दोनच निघाली.

त्याच ट्रंकेत एक जुनी चित्रवही सापडली. तीत मातोश्री तुळशीपुढे बसून वाती वळीत आहेत, असे एक रेखाटन होते. हात झाले होते, पदराच्या चुण्या झाल्या होत्या. चेहऱ्याची जागा कोरी होती. त्या दिवशी कोणी पाहुणे आले असावेत. उद्या पुरे करू, म्हणून वही मिटली, ती मिटलीच. लुगडी दोन तरी वाचली. तो चेहरा मात्र आता कोणाला काढता येणार नाही.

त्या दिवशी आम्हांला जे कळले, तेच या लेखाचे सार आहे. फुरसत अशी मिळत नसते. ज्या कामाला फुरसत लागत नाही असे काम निवडावे, त्याला रोजचा लहानसा ठरलेला वेळ द्यावा, आणि आजच बसावे.

२. तुटक वेळेतून झालेल्या कला

गोधडी ही रिकाम्या वेळेच्या धनी असलेल्या बायकांनी काढलेली कला नव्हे. कोणी तिला वाकळ म्हणतात, कोणी चौघडी, आणि इथे गुजराती शेजारीण गोदडी म्हणते. पण ती सर्वत्र कामाच्या रगाड्यात असलेल्या घरांतूनच निघाली. तिचा टाका पाहा. साधा धावदोरा. चार टाके घातले आणि दूध उतू जाऊ लागले, तर सुई तिथेच टोचून उठता येते. परत आल्यावर काही मोजावे लागत नाही, की उसवावे लागत नाही. लोकरीचे विणकाम असे मध्येच टाकले तर घर निसटते; गोधडी वाट पाहत बसते.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. बंगालमधील कांथा जुन्या साड्यांचे थर एकावर एक घालून याच टाक्याने शिवतात; दोरासुद्धा पूर्वी साडीच्याच रंगीत काठातून ओढून काढीत. जपानच्या उत्तरेकडील बर्फाळ मुलखात शेतकरी बायका हिवाळ्याच्या दिवसांत जुने कापड थरावर थर ठेवून धावदोऱ्याने पक्के करीत. त्या कामाला साशिको म्हणतात. जिथे कापड थोडे आणि वेळ त्याहून थोडा, तिथे हा टाका आढळतो.

रेखाटनाचेही तेच. तैलचित्राला जागा लागते, रंग लागतात, सलग दिवस लागतो. रेखाटनाला खिशातली वही, पेन्सिल आणि पाच मिनिटे पुरतात.

कोणी म्हणेल, अशा तुकड्यातुकड्यांनी मोठे काम होत नाही. त्यांनी विश्वामित्रीजवळच्या आपल्या कीर्तिमंदिरात एकदा जावे. तेथील चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी चित्रे काढली. ती एका बैठकीत झालेली नाहीत. पहिली भिंत, गंगावतरणाची, १९३९ सालची. पुढच्या वर्षी मीराबाईंचे चरित्र. मग १९४३ साली 'नटीर पूजा', आणि १९४६ पर्यंत भारतीय युद्ध. मध्ये शांतिनिकेतनातील शिकविणे चालूच होते. जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात एक भिंत घ्यायची आणि ती पुरी करायची, अशा रीतीने हे काम सुमारे सात वर्षांत झाले.

३. वेळेचा जमाखर्च

आता हिशेब मांडू. नऊवारी लुगडे नऊ वारांचे, म्हणजे सुमारे ८ मीटर २३ सेंटिमीटर. त्याचे चार समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून थोडा अधिक, म्हणजे साधारण पावणेसात फूट लांब होतो. पन्हा ४५ इंच धरला, तर चार थरांची एका माणसाची चौघडी एकाच लुगड्यात होते. पन्ह्याच्या अंगाने दर दोन सेंटिमीटरवर एक ओळ घेतली तर सुमारे ५७ ओळी येतात. सराव झालेल्या हाताला एका ओळीस २५ मिनिटे लागतात. म्हणजे सगळे मिळून जवळजवळ २४ तासांचे काम.

चोवीस तास, म्हणजे एक दिवस आणि एक रात्र. एवढा सलग वेळ आम्हांला अकरा वर्षांत एकदाही मिळाला नाही, आणि म्हणूनच गोधडी झाली नाही. पण रोज एक ओळ घातली तर दसऱ्याला सुरू केलेली गोधडी मार्गशीर्ष लागता लागता पुरी होते आणि उत्तरायणाच्या थंडीत अंगावर घेता येते. मधले आठ-दहा दिवस दिवाळीत बुडाले तरी चिंता नाही.

रेखाटनाची रोज पाच मिनिटे धरली, तर वर्षाकाठी ३० तास होतात. आपल्या न्यासाच्या वर्गणीचीही हीच रीत आहे. लहान रक्कम, पण ठरलेल्या दिवशी. वेळेचाही निधी असाच जमतो.

४. गोधडीचा पाठ

कापड सुती आणि वापरलेले घ्यावे. नव्या कापडाची खळ सुईला अडविते. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची साडी शिवताना सरकते आणि घाम टिपत नाही. प्रत्येक लुगडे आधी धुऊन कडक उन्हात वाळवावे, म्हणजे रंग जाणार असेल तर आधीच जातो. मग दोन्ही हातांनी ताणून पाहावे. टिकले तर ते वरच्या थराला. विरू लागले तर आतल्या थराला, दुसऱ्या तुकड्याचा आधार देऊन.

जमिनीवर थर अंथरावेत, हाताने सुरकुत्या काढाव्यात आणि कोपऱ्यांवर वरवंटा, जाड पुस्तके असे काही जड ठेवावे. वीतभर अंतराने कच्चे टाके घालून सर्व थर बांधून घ्यावेत. हे एकच काम सलग तास-दीड तास मागते. ते एखाद्या रविवारी घरच्या सर्वांनी मिळून करावे. त्यानंतर गोधडी घडी करून कोपऱ्यात ठेवता येते. दोरा हातभरच घ्यावा. लांब घेतला की गुंततो. बोटाला अंगुस्तान घालावे. कडेपासून सुरुवात करावी आणि हातानेच थर सपाट करीत पुढे सरकावे, म्हणजे चुणी पडत नाही.

हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. आमच्या आत्याबाई दांडिया बाजारात राहत. ट्रंक उघडली त्या वर्षी त्यांच्या दृष्टीने हार खाल्ली होती. आम्ही ती दोन लुगडी घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "सुई तेवढी ओवून द्या. पुढचे माझी बोटे बघतील." आमच्या टाक्यांवरून त्या बोट फिरवीत आणि जिथे अंतर वाढले असेल तिथे बरोबर थांबत. पहिल्या सहा ओळी आम्हांला उसवाव्या लागल्या. सातवीला त्या काही बोलल्या नाहीत, म्हणजे ती उतरली असे समजलो. ते काम आणखी एक वर्ष लांबले असते, तर शिकविणारे कोणी राहिले नसते.

५. रेखाटनाचा पाठ

वही खिशात मावेल एवढी असावी आणि पेन्सिल मऊ. खोडरबर घरीच ठेवावा. तो जवळ असला की पाच मिनिटांतली तीन मिनिटे खोडण्यात जातात. प्रथम न हलणाऱ्या वस्तू काढाव्यात, तांब्या, चपलांचा जोड, दोरीवरचे कपडे. नंतर दारातली तुळस, मग झोपलेले मूल, आणि सरतेशेवटी चालती माणसे. पृष्ठावर तारीख घालावी. चित्र चांगले झाले की नाही हे त्या दिवशी ठरवू नये.

बडोद्यात विषयांना तोटा नाही. मांडवीच्या कमानी, सुरसागराचा काठ, खंडेराव मार्केटमधील भाजीवाल्या, कमाटीबागेतील झाडे. ज्या झाडावरून आपल्या शहराला नाव मिळाले तो वडही पारंब्यांसह काढून पाहावा. रावपुऱ्यात दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. त्याच्या आतील भिंती एकोणिसाव्या शतकातील चित्रांनी भरलेल्या आहेत. मुलांना तेथे न्यावे आणि एकच आकृती वहीत उतरवायला सांगावी. नुसते पाहून जे ध्यानात येत नाही, ते काढताना येते.

या गावाला हातकामाची परंपरा नवी नाही. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८९० साली कलाभवन निघाले. महाराणी चिमणाबाईंच्या नावाचे स्त्री उद्योगालय १९१४ साली सुरू झाले. १९४९ साली विद्यापीठ झाले, आणि पुढच्याच वर्षी आपल्या इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले. १९६६ पर्यंत ते येथे होते आणि त्यांच्या हाताखाली अनेक नामवंत चित्रकार तयार झाले. या संस्थांनी कला शिकविली. परंतु ती घरात रोज टिकविण्याचे काम संस्था करू शकत नाहीत, ते घरच्यांनीच करावयाचे असते.

६. वेळ द्यायचा कोणी?

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. आम्ही एक आठवडा दोघांच्या वेळेची नोंद ठेवली. एकाच्या वहीत संध्याकाळी साडेसातपासून जेवणापर्यंतचा वेळ मोकळा निघाला. दुसरीच्या वहीत पंधरा मिनिटांचा मोकळा तुकडासुद्धा निघेना. ज्याला वेळ होता तो "वेळ नाही" म्हणत होता, आणि जिला खरोखर नव्हता ती काही म्हणतच नव्हती.

तेव्हा नियम केला. रात्रीची जेवणे झाल्यावर भांडी आणि ओटा यजमानांकडे. तो अर्धा तास गोधडीचा. या अर्ध्या तासात कोणी काही शोधून मागायचे नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिल्या आठवड्यात एक कपबशी फुटली आणि ओट्याला डाग राहिले. सूचना पुष्कळ ओठांवर आल्या, पण त्या गिळण्यात आल्या. तिसऱ्या आठवड्यापासून घडी बसली. घरातल्या स्त्रीने छंद जोपासावा असे नुसते म्हणणे सोपे आहे. तिच्या हातचे एक काम कोणीतरी उचलल्याशिवाय ते घडत नाही.

गोधडी त्या वर्षी मार्गशीर्षाऐवजी पौषात पुरी झाली. तिच्यात मातोश्रींची दोन लुगडी वर आहेत आणि विरलेल्यांचे धड तुकडे आत. आत्याबाई ज्या दिवशी ओळी तपासीत होत्या, त्या दिवशी आमच्या मुलाने त्यांचे चित्र काढले. बोटे जरा लांब झाली आहेत, पण चेहरा पुरा आहे. त्या आता नाहीत. गोधडी रोज वापरात आहे. ती जपून ठेवावयाची नाही असे आम्ही ठरविले आहे.

७. घरच्यांसाठी अभ्यास

हा अंक मिटण्यापूर्वी आमची एवढीच विनंती.

(१) आपल्या माळ्यावरील किंवा कपाटातील जुनी सुती लुगडी या आठवड्यात उतरवून उन्हात घालावीत. कोणते कोणाचे हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कापडाच्या चिठ्ठीवर लिहून ठेवावे.

(२) घरातील प्रत्येकाने सात दिवस आपल्या वेळेची नोंद ठेवावी आणि आठव्या दिवशी सर्वांनी एकत्र बसून ती वाचावी. कोणाचे कोणते काम कोण उचलणार हे तेव्हाच ठरवावे.

(३) पहिल्यांदा मोठी गोधडी धरू नये. तान्ह्या बाळाचे हातभर दुपटे शिवावे. रोज अर्धा तास दिला तर ते पंधरा दिवसांत होते. घरात बाळ नसेल तर गरजू घरी द्यावे. पहिले काम दान द्यावे, यात आपल्या न्यासाची रीतही सांभाळली जाते.

(४) घरातील सर्वांत वयस्कर माणसाचे एक रेखाटन करावे. येत नसले तरी करावे. चेहऱ्यापासून सुरुवात करावी.