गलाईच्या दुकानात शिकवलेला कॉम्प्युटर

बारावीनंतर तुमच्यापैकी काही जण एनडीएत जातील, बाकीचे विद्यापीठात. दोन्हीकडे कॉम्प्युटरचा प्राथमिक पेपर असू शकतो. ‘तो सोपा असतो’ असे म्हणून सगळे तो शेवटच्या रात्री वाचतात. माझ्या भाच्यानेही तसेच केले होते. गेल्या सुट्टीत दिल्लीला करोल बागेत ताईकडे आठ दिवस राहिलो, तेव्हा त्याला जे शिकवावे लागले तेच इथे लिहितो.

करोल बाग म्हटले की आपल्याकडच्या लोकांना बाजार आठवतो. पण बीडनपुऱ्याच्या गल्ल्यांत शिरलात तर जिन्यावरून मराठी बोलणे कानावर पडते, आणि तेही सांगली जिल्ह्यातले. खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या व्यवसायासाठी देशभर पांगली. त्यातली बरीच इथे स्थिरावली. आमचे दाजी त्यांपैकीच. त्यांचे दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक भट्टी, एक काटा आणि भिंतीवर विठोबाची तसबीर.

भाचा दिल्ली विद्यापीठात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. प्रकल्पासाठी त्याने विषय घेतला होता गलाई व्यवसायाचा. त्यासाठी त्याने आजोबांची, म्हणजे दाजींच्या वडिलांची, मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावातून कसे निघालो, पहिली भट्टी कुठे लावली, असे सगळे. चाळीस मिनिटांचे बोलणे. त्यानंतर दोन महिन्यांनी आजोबा गेले. मी पोचलो त्या संध्याकाळी भाचा लॅपटॉपसमोर घामाघूम होऊन बसला होता. पेनड्राइव्हमध्ये फाइलचे नाव दिसत होते, पण ती उघडत नव्हती.

“मामा, नाव दिसतंय म्हणजे फाइल आहे ना?”

या एका प्रश्नात पेपरातला निम्मा अभ्यासक्रम येतो. पण त्याचे उत्तर लगेच देता येईना. आधी फाइल म्हणजे काय, आणि त्याच्याही आधी बाइट म्हणजे काय, तिथून सुरुवात करावी लागली.

दाजींच्या कपाटात जुनी पितळी वजनांची पेटी आहे. आता काटा इलेक्ट्रॉनिक आहे, पेटी नुसती दसऱ्याच्या पूजेपुरती निघते. त्या पेटीतली वजने १, २, ५, १० अशी आहेत. माझ्या कामाची नव्हती. म्हणून मी आठ चिठ्ठ्या केल्या आणि त्यांवर १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ असे लिहिले. प्रत्येक आकडा आधीच्याच्या दुप्पट. भाच्याला म्हटले, ही आठ वजने आहेत असे समज, आणि मला ७७ ग्रॅम तोलून दे. अट एकच: एकेक वजन पारड्यात टाकायचे किंवा बाहेर ठेवायचे, तिसरा मार्ग नाही.

त्याने ६४ टाकले, मग ८, मग ४, मग १. बेरीज ७७. आता मोठ्या वजनाकडून लहानाकडे जाऊ आणि पारड्यात असेल तर १, बाहेर असेल तर ० लिहू: ०१००११०१. यातला प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे एक बिट, आणि आठांचा गट म्हणजे एक बाइट. आठही वजने टाकली तर २५५ होतात, एकही नाही टाकले तर शून्य. म्हणजे एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या गोष्टी मांडता येतात, त्याहून एकही जास्त नाही. पेन-कागद घेऊन ५० आणि २०० तोलून बघा. पाच मिनिटांत जमते, आणि मग पाठांतर लागत नाही.

गंमत पुढे आहे. हाच ०१००११०१ हा नमुना कॉम्प्युटरने अक्षर म्हणून वाचला तर रोमन लिपीतला मोठा ‘एम’ होतो. चित्राचा भाग म्हणून वाचला तर एका ठिपक्याचा करडेपणा होतो. आवाजाचा भाग म्हणून वाचला तर ध्वनीचा एक कण. बाइटला स्वतःला काही कळत नाही, वाचणारा कोण आहे त्यावर अर्थ ठरतो. फाइलच्या नावापुढची बिंदूनंतरची अक्षरे, जेपीजी, एमपीथ्री, पीडीएफ, ही वाचणारा कोण असावा याची चिठ्ठी आहे. ती बदलली म्हणून आतला ऐवज बदलत नाही. आमच्या शाळेत दरवर्षी एकदोन कॅडेट फोटोचे नाव बदलून पीडीएफ ‘करतात’ आणि ते उघडत नाही म्हणून लॅबमध्ये येतात.

दाजी ऐकत होते. ते म्हणाले, “आमच्या एचयूआयडीचं काय मग?” हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा जो क्रमांक कोरलेला असतो तो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय दुकानात विकता येत नाही. २६ रोमन अक्षरे आणि १० अंक, एकूण ३६ चिन्हे. ती सगळी वापरता येत असतील तर सहा जागांत ३६ चा सहावा घात, म्हणजे २१७ कोटी ६७ लाख ८२ हजार ३३६ दागिने वेगळे ओळखता येतील. आता इतके आकडे मांडायला बिट किती लागतील? ३१ बिटांत २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४८ बसतात. थोडक्यात कमी पडले! म्हणून ३२ बिट, म्हणजे चार बाइट. आणि तोच क्रमांक अक्षरे म्हणून साठवला तर सहा बाइट. दाजींनी हा हिशेब दुसऱ्या दिवशी शेजारच्या दुकानात सांगितला, तेव्हा मला बरे वाटले.

मराठी अक्षरांचा हिशेब मात्र निराळा आहे, आणि आपल्या या मराठी पानासाठी तो माहीत हवा. एका बाइटच्या २५६ जागांत जगातल्या सगळ्या लिप्या मावत नाहीत. म्हणून युनिकोडने प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला. ‘क’चा क्रमांक २३२५. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा हीसुद्धा वेगळी चिन्हे आहेत. ‘करोल बाग’ लिहायला सात देवनागरी चिन्हे आणि एक मोकळी जागा लागते, एकूण २२ बाइट. जुन्या फॉन्टमध्ये ही व्यवस्था नव्हती. तिथे रोमन अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवलेले असत. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर तुमची कविता उघडली की कचरा दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो, वाचणारा चुकलेला असतो. पण संपादकाला ते सांगून उपयोग होत नाही. लेख युनिकोडमध्येच पाठवा.

एका दुपारी भाच्याला घेऊन पूसाकडे चालत गेलो. करोल बाग ओलांडली की पूसा रोडच्या पलीकडे शेती संशोधनाचा मोठा परिसर लागतो. त्याचे नाव बिहारमधल्या पूसा गावावरून आले. १९३४ च्या भूकंपात तिथली इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. याच परिसरातल्या कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आयबीएम १६२० मॉडेल २ हा कॉम्प्युटर बसवला होता. या १६२० ची एक गोष्ट तुम्हाला सांगितलीच पाहिजे. त्याच्या पहिल्या मॉडेलचे कंपनीतले सांकेतिक नाव होते ‘कॅडेट’! त्या मॉडेलला बेरीज करणारे यंत्रच नव्हते. बेरजेचे पाढे स्मृतीत भरून ठेवायचे, आणि ७ अधिक ५ आले की त्याने तक्त्यात बघून १२ सांगायचे. म्हणून लोकांनी त्या नावाचा विस्तार केला: ‘कान्ट ॲड, डझन्ट ईव्हन ट्राय’, म्हणजे बेरीज येत नाही आणि प्रयत्नही करत नाही. परेडच्या मैदानावर आमच्या सुभेदार साहेबांनी हे ऐकले तर ते सोडणार नाहीत. पूसाला आलेल्या दुसऱ्या मॉडेलमध्ये बेरजेची सोय झाली होती. गुणाकाराला मात्र तक्ताच लागे.

हसण्यासारखे असले तरी त्यात धडा आहे. पाढ्यांचा तक्ता आणि तुमचे आकडे एकाच स्मृतीत राहत. प्रोग्राम लिहिणाऱ्याने चुकून तक्त्याच्या जागेवर दुसरे काही लिहिले, की यंत्र खुशाल चुकीची बेरीज देई आणि तक्रारही करत नसे. ती स्मृती सुरुवातीला वीस हजार अंकांची, वाढवली तर साठ हजारांची. तुमच्या प्रवेश-अर्जावर चिकटवायचा फोटो त्यात मावला नसता.

आजच्या मशीनमध्येही मूळ रचना तीच. प्रोसेसर म्हणजे कारागीर. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यातला पाट: जे काम चालू आहे तेवढेच त्यावर, आणि वीज गेली की पाट रिकामा. डिस्क किंवा पेनड्राइव्ह म्हणजे तिजोरी. ‘सेव्ह’ म्हणजे पाटावरचे तिजोरीत ठेवणे. एवढे कळले तर पुष्कळ झाले, बाकी चित्र पाठ्यपुस्तकात आहेच.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. तिजोरीत ऐवज असतो आणि एक वही असते: कोणती वस्तू कोणत्या खणात. तुम्ही फोल्डर उघडता तेव्हा दिसते ती वही. नाव, तारीख, आकार, सगळे वहीतून येते. खण उघडून कोणी पाहिलेले नसते. त्यामुळे नाव दिसते म्हणजे फाइल आहे, असे होत नाही.

त्याचा पेनड्राइव्ह ‘१ टीबी’ लिहिलेला होता आणि किंमत काही शेकड्यांत. तेव्हाच शंका यायला हवी होती. दाजींनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मुलाला म्हणाले, “आरं, गिऱ्हाईक बावीस कॅरेट म्हणतंय म्हणून आपण तसं लिहून घेतो व्हय? आधी कस बघायचा.”

कस बघितला. त्यात आता गमवायला काही उरलेले नव्हते म्हणून मी त्याची प्रत उतरवून घेतली, मग ओळखू येईल असा ४० जीबी मजकूर त्यात लिहिला आणि तोच परत वाचून ताडून पाहिला. त्यासाठी मोफत साधने मिळतात, एफ-थ्री हे त्यांतले एक. तासाहून जास्त वेळ गेला. जवळजवळ ३२ जीबीपर्यंत सगळे जुळले, त्यापुढे काहीच नाही. आत चिप ३२ जीबीची. तिच्या नियंत्रकाला मात्र ‘माझ्याकडे १ टीबी आहे’ असे खोटे सांगायला शिकवलेले. जागा संपल्यावर येणारे बाइट तो घेत होता आणि टाकून देत होता. वही सुरुवातीच्या खणात असल्यामुळे ती शाबूत राहिली. भाच्याने आधी मित्रांच्या सहलीचे व्हिडिओ भरले होते, ते उत्तम चालत होते. आजोबांची फाइल त्यानंतरची. चाळीस मिनिटे, सेकंदाला १२८ हजार बिट, म्हणजे सुमारे ३८ एमबी. एवढीशी.

(खऱ्या पेनड्राइव्हवरही ६४ जीबी लिहिलेले असते आणि विंडोज ५९.६ दाखवते. ती फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. तोळा आणि दहा ग्रॅमसारखेच.)

मोबाइलमधली मूळ प्रत त्याने त्याच दिवशी पुसली होती. जागा हवी होती म्हणून कॉपी न करता ‘मूव्ह’ केले होते. कॉपी म्हणजे दोन ठिकाणी असणे. मूव्ह म्हणजे तिकडे पोचले असे गृहीत धरून इकडचे पुसणे. पोचले की नाही हे उघडून, ऐकून पाहिल्याशिवाय पुसायचे नाही, एवढेच करायचे होते. पुसलेल्या फाइली परत आणणाऱ्या दुकानातही आम्ही गेलो. आजचे मोबाइल मोकळी झालेली जागा लगेच स्वच्छ करतात आणि साठवलेले सगळे सांकेतिक रूपात असते, त्यामुळे इतक्या महिन्यांनी काही मिळण्याची आशा नाही, असे तिथल्या मुलाने प्रामाणिकपणे सांगितले आणि पैसे घेतले नाहीत.

प्रकल्पाचा लेखी भाग भाच्याने एका मित्राला मेलने पाठवला होता, तो तीन आठवडे जुना सापडला. राहिलेला भाग चार रात्री दुकानातल्या टेबलावर बसून त्याने पुन्हा लिहिला. आवाजाचा शोध मात्र ताईमुळे लागला. मुलाखत झाली त्या दिवशी आजोबांनी ‘माझं बोलणं ऐकव’ म्हटले होते, तेव्हा भाच्याने तिच्या मोबाइलवर एक तुकडा पाठवला होता. अकरा मिनिटांचा.

तो आता ताईच्या मोबाइलवर आहे, भाच्याच्या लॅपटॉपवर आहे आणि माझ्या घरच्या डिस्कवर आहे. तिन्ही प्रती मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकून पाहिल्या. आजोबा मिरजेच्या स्टेशनावर गाडीची वाट बघत आहेत, बरोबर भाकरीचे गाठोडे आहे, आणि गाडी आली असे सांगताना आवाज तुटतो.