उदगीरचे कावळे आणि विषाणूचा वंशवृक्ष

लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात जानेवारी २०२५ मध्ये कावळे मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि एच५एन१ बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील किवळा (ता. लोहा) येथील कोंबड्यांतही हाच रोग आढळला.

रोग एकच, परंतु तो एकाच वाटेने आला काय? निव्वळ निदानाने हे उलगडत नाही. त्यासाठी विषाणूचा जनुकीय आराखडा वाचावा लागतो. तो आठ तुकड्यांचा असून त्यात सुमारे साडेतेरा हजार रासायनिक अक्षरे असतात. विषाणूची नक्कल होताना बारीक चुका होतात व त्या पुढील पिढ्यांत उतरतात. नकलांतील समान चुकांवरून मूळ पोथीचा शोध घ्यावा, तसाच हा प्रकार होय.

२००६ मध्ये नवापूर येथे कोंबड्यांतील देशातील पहिली साथ उद्भवली. तेथील विषाणू २००५ मध्ये चीनमधील चिंघाई सरोवरावरील जंगली पक्ष्यांत आढळलेल्या विषाणूच्या शाखेतील निघाला. तथापि एवढ्यावरून दोष पक्ष्यांच्या माथी मारता येत नाही. पिल्लांची व खाद्याची वाहतूकही तपासावी लागते.

बाधित ठिकाणाभोवतालच्या एक किलोमीटर परिघातील कोंबड्या नष्ट कराव्या लागतात. परसात दहा कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबास ही हानी लहान नव्हे. म्हणून नमुन्यासोबतची चिठ्ठी नमुन्याइतकीच मोलाची. पक्षी कोठे व केव्हा मेला, पिल्ले कोठून आणली, हे तीत असावे. मृत पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श न करता ग्रामपंचायतीने त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.