नाव एक, लिपी चार

हैदराबादच्या हिमायतनगर भागातील पाट्या लक्षपूर्वक वाचल्या तर एक गंमत दिसते. वस्तीचे नाव रोमन लिपीत कोठे 'टी' या अक्षराने लिहिलेले असते, तर कोठे 'टी-एच' या जोडीने. कोठे शब्द अखंड असतो, कोठे 'नगर' वेगळे पडते. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे ज्येष्ठ पुत्र हिमायत अली खान, म्हणजेच आझम जाह, यांच्यावरून वस्तीला हे नाव मिळाले. हिमायत हा अरबीतून उर्दूत आलेला शब्द. त्याचा अर्थ पाठिंबा, संरक्षण. उर्दूत तो एकाच रीतीने लिहिला जातो. फाटे फुटतात ते रोमन लिपीत. तेलुगू आणि कन्नड मुलखात दंत्य 'त' साठी 'टी-एच' लिहिण्याची रूढी आहे, कारण एकटा 'टी' तिथे 'ट' साठी राखलेला असतो. महाराष्ट्रात 'त' आणि 'ट' या दोहोंना एकच 'टी' पुरतो. म्हणजे दोन्ही पाट्या आपापल्या रूढीप्रमाणे शुद्धच आहेत.

वस्तीचे जे होते तेच माणसाचेही होते. फरक एवढाच की वस्तीला कोणी दाखला मागत नाही. माणसाला तो जन्मभर मागितला जातो. म्हणून अपत्याचे नाव ठेवताना ते कसे लिहावे, हा प्रश्न या शहरातील मराठी व कन्नड कुटुंबांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा विचार करू.

जुन्या काळचा विचार

नाव कसे असावे याची चर्चा आपल्याकडे फार प्राचीन आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे असावे, त्याचा आरंभ घोष वर्णाने व्हावा, मुलीच्या नावातील अक्षरसंख्या विषम असावी आणि ते आकारान्त असावे, असे नियम आहेत. पतंजलीने महाभाष्याच्या प्रारंभी व्याकरण का शिकावे याची जी प्रयोजने दिली, त्यांत नामकरणाचाही समावेश आहे. नाव कृदन्त असावे, तद्धितान्त नसावे, असा संकेत होता; आणि व्याकरण न शिकलेल्याला या दोहोंतील भेद कसा कळणार, असा त्याचा युक्तिवाद. मनुस्मृती स्त्रियांची नावे उच्चारण्यास सुलभ असावीत असे सांगते.

हे सारे नियम उच्चाराचे आहेत, लेखनाचे नाहीत. नाव कानाने ऐकायचे आणि तोंडाने उच्चारायचे, हीच तेव्हाची कल्पना. आजही बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, कागदावर लिहून देत नाही. पंचांगातील अवकहडा चक्रसुद्धा ध्वनीच देते. अश्विनी नक्षत्राच्या चार चरणांना चू, चे, चो, ला ही अक्षरे येतात. हस्त नक्षत्राला पू, ष, ण, ठ येतात. 'ण' ने आरंभ होणारे नाव कोठून आणावे, हा पेच तेथे पडतोच, आणि लोक त्यातून जवळचे अक्षर घेऊन मार्ग काढतात.

हैदराबादचा पेच

कागद मात्र ध्वनीवर भागत नाही, त्याला अक्षरे लागतात. आणि हैदराबादेत ती चार लिपींची आहेत. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि बिदर, गुलबर्गा व रायचूर हे कन्नड जिल्हे हैदराबाद संस्थानाचा, पुढे हैदराबाद राज्याचा भाग होते. मराठी आणि कन्नड कुटुंबे या शहरात आली ती त्या काळापासूनची. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. आज राज्याची भाषा तेलुगू असून उर्दूला दुसऱ्या राजभाषेचा दर्जा आहे. इंग्रजी तर सर्वत्र आहेच. घरात मात्र नाव देवनागरीत किंवा कन्नड लिपीत लिहिले जाते.

प्रत्येक लिपीचे स्वतःचे असे काही असते. उर्दूत ण आणि ळ यांना स्वतंत्र अक्षरे नाहीत, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिले जात नाहीत. त्यामुळे अनोळखी वाचकाला 'मृणाल' हे नाव अंदाजानेच वाचावे लागते. तेलुगूत व कन्नडमध्ये ण आणि ळ दोन्ही आहेत; शिवाय ए आणि ओ यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार आहेत, जे देवनागरी मराठीत वेगळे दाखवले जात नाहीत. रोमनमध्ये यांपैकी फारसे काही नाही. 'राम' आणि 'रमा' ही दोन्ही नावे तिथे त्याच चार अक्षरांत लिहिता येतात.

आता 'मंगळा' हे नाव घेऊ. मराठीतील ळ तेलुगूतही आहे, कन्नडमध्येही आहे. शेजाऱ्याच्या लिपीत हे नाव जसेच्या तसे लिहिता येते. पण व्यवहारात नाव मराठीतून सरळ तेलुगूत जात नाही. अर्जावर ते प्रथम रोमनमध्ये लिहिले जाते, आणि रोमनवरून दुसरा माणूस किंवा संगणक ते तेलुगूत उतरवतो. रोमनच्या अरुंद दारातून जाताना ळ चा ल होतो, आणि पलीकडे ळ असूनही तो परत येत नाही. दोष मराठीचा नाही, तेलुगूचाही नाही. दोष मधल्या वाटेचा आहे.

विरळ कोणते आणि रूढ कोणते?

लेखनाचे वैचित्र्य म्हणजे मुद्दाम केलेले काहीतरी, असा आपला समज असतो. पण पुष्कळदा एका गावचे रूढ लेखन दुसऱ्या गावी विरळ ठरते. 'अमृता' हे नाव पाहा. मराठी माणूस ऋ चा उच्चार 'रु' असा करतो, म्हणून तो रोमनमध्ये 'एम-आर-यू' लिहितो. उत्तर भारतात 'एम-आर-आय' लिहितात. तेलुगू-कन्नड रूढीत 'यू' तर येतोच, शिवाय शेवटी 'टी-एच' येतो. एकाच वर्गात तीन अमृता तीन प्रकारांनी सह्या करू शकतील, आणि कोणीही चुकलेली नसेल.

याहून बोलके उदाहरण 'ज्ञ' चे आहे. हे संस्कृत जोडाक्षर ज् आणि ञ् यांचे. पण तसा उच्चार आज फारसा ऐकू येत नाही. मराठीत त्याचा 'द्न्य' झाला, हिंदीत 'ग्य', तर तेलुगूत व कन्नडमध्ये 'ग्न्य' च्या जवळ जाणारा उच्चार झाला. म्हणून मराठी ज्ञानेश्वर रोमनमध्ये 'डी-एन-वाय' ने सुरू होतो, हिंदी 'जी-वाय' ने, आणि तेलुगू पुष्कळदा 'जी-एन' ने. १९६१ साली स्थापन झालेल्या ज्ञानपीठ पुरस्काराच्या रोमन नावात मात्र मूळ संस्कृताला धरून 'जे-एन' आहे. हा पुरस्कार १९६७ साली कन्नडच्या कुवेंपूंना आणि १९७४ साली मराठीच्या वि. स. खांडेकरांना मिळाला, दोघांचेही वाचक त्या शब्दाचा उच्चार मात्र आपापल्या परीने करतात.

समजा, हिमायतनगरातील एखाद्या मराठी घरात मुलीचे नाव 'ज्ञानदा' ठेवले. पुण्यात 'डी-एन-वाय' पाहून कोणी थबकणार नाही. येथील शाळेत मात्र हजेरी घेताना शिक्षक अडखळतील. मग आई-वडिलांनी काय करावे? शेजाऱ्यांसाठी 'जी-एन' लिहावे, की आपले लेखन राखावे?

आमच्या मते आपले राखावे. त्या लेखनामागे एक भाषा उभी आहे. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाचे नावही रोमनमध्ये 'डी-एन-वाय' असेच रूढ आहे. मुलगी उद्या महाराष्ट्रात गेली, तर ते लेखन तिची ओळख सांगेल. येथे राहिली, तर दोन दिवसांत शिक्षकांना सवय होईल. ज्या लेखनामागे एखादा समाज आहे, ते समजावून सांगता येते.

अंकशास्त्राच्या हिशेबाने एखादे 'ए' वाढवणे किंवा 'एन' दुप्पट करणे याला असा आधार नाही. ही बेरीज रोमन अक्षरांची असते. नाव मात्र रोमनमध्ये जन्मलेले नसते. अशा लेखनाचे कारण घराबाहेर कोणालाच ठाऊक नसते, आणि ज्याला ते नाव पुढे लिहायचे असते तो जादा अक्षर गाळून टाकतो. मग एका दाखल्यावर एक 'एन' आणि दुसऱ्यावर दोन, असा घोळ सुरू होतो.

नोंदणीचे काही मुद्दे

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्माची माहिती २१ दिवसांत द्यावी लागते. बाराव्या दिवसाचे बारसे त्या मुदतीत बसते. तोवर नाव ठरले नसेल तर नावाविना नोंद करता येते, आणि नाव मागाहून दाखल करण्याची सोय याच कायद्याच्या १४ व्या कलमात आहे. तेव्हा रुग्णालयात घाईने काहीतरी लिहून देण्याचे कारण नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार, त्या दिवशी वा नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र, वाहन-परवाना इत्यादी कामी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. म्हणजे पहिल्या कागदावरील अक्षरांचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. आधारपत्रावरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, हेही ध्यानात ठेवावे.

यावरून चार साध्या गोष्टी निघतात.

(१) नाव आधी उच्चाराने ठरवावे. मग ते देवनागरी, रोमन आणि तेलुगू या तिन्ही लिपींत एका कागदावर लिहून ठेवावे. जमल्यास उर्दूतही लिहून घ्यावे.

(२) तेलुगू रूप रोमनवरून करू नये. तेलुगू जाणणाऱ्या शेजाऱ्याला नाव ऐकवून त्याच्याकडून ते लिहून घ्यावे.

(३) रोमन कागद घर न जाणणाऱ्या दोघा-तिघांना वाचायला द्यावा. उच्चारात थोडा फरक पडला तर चालेल; नावच वेगळे होत असेल तर पुन्हा विचार करावा.

(४) एकदा ठरलेले लेखन सर्व कागदांवर अक्षरशः तेच ठेवावे. विरळ लेखनाने जेवढा त्रास होतो, त्याहून अधिक दोन प्रकारच्या लेखनाने होतो.

अभ्यासासाठी

विद्यार्थी-वाचकांनी एक प्रयोग करून पाहावा. मराठी विभागातील विद्यार्थ्याने आपले नाव रोमनमध्ये लिहून कन्नड विभागातील मित्राला द्यावे, आणि त्याने ते कन्नड लिपीत उतरवून वाचून दाखवावे. मग तेच नाव तोंडी सांगून पुन्हा लिहवून घ्यावे. दोन्ही कन्नड रूपे शेजारी ठेवली, की डोळ्यांनी वाचलेले नाव आणि कानांनी ऐकलेले नाव यांतील अंतर आपोआप समजेल. ज्यांच्या घरी लवकरच बारसे आहे, त्यांनी हा प्रयोग त्याआधी करावा, हे अधिक बरे.