कायरोप्रॅक्टिक उपचार : कोणास उपयुक्त, कोणास अपायकारक

मणका 'कटकन' जागेवर बसवून वर्षानुवर्षांची पाठदुखी क्षणात घालविणाऱ्या उपचाराच्या चित्रफिती हल्ली घरोघरी मोबाइलवर पाहिल्या जातात. साहजिकच 'आपल्या रुग्णालयात ही सोय केव्हा होणार?' अशी पृच्छा रुग्णांचे नातेवाईक वरचेवर करू लागले आहेत. एका सहृदय देणगीदारांनी तर अशा कक्षासाठी निधी देण्याची तयारी दर्शविली. हा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवण्यापूर्वी अस्थिरोग व फिजिओथेरपी विभागांतील तज्ज्ञांशी जी चर्चा झाली, तिचा सारांश सर्वांच्या माहितीसाठी येथे देत आहे.

या उपचारपद्धतीचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी झाला. तेथील डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली हार्वी लिलार्ड या बहिऱ्या झालेल्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला व त्याची श्रवणशक्ती परत आली, असे सांगितले जाते. ग्रीक भाषेतील दोन शब्दांवरून 'हाताने केलेले' अशा अर्थाचे नाव या पद्धतीस मिळाले. मणके किंचित सरकल्याने मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो व बहुतेक सर्व रोगांचे मूळ तेथेच असते, असे पामर यांचे प्रतिपादन होते. आधुनिक शरीरशास्त्र ते मान्य करीत नाही. श्रवणाचा मज्जातंतू कानातून थेट मेंदूकडे जातो. पाठीच्या मणक्यांशी त्याचा संबंध येत नाही. म्हणून दमा, रक्तदाब, मधुमेह किंवा तान्ह्या मुलांचे रडणे यांवर मणके दाबून गुण येतो असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

मात्र उगमाची कथा संशयास्पद म्हणून हातांचा उपचार सर्वस्वी निरुपयोगी ठरत नाही. सांध्याला ठरावीक दिशेने अल्प पण वेगवान झटका दिल्यास त्याची हालचाल काही काळ मोकळी होते व वेदना कमी होते. तो सुप्रसिद्ध आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी निर्माण झाल्याने होतो. हाड जागेवर बसल्याचा तो पुरावा नव्हे. अमेरिकेतील फिजिशियन महाविद्यालयाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्या व जुन्या कंबरदुखीसाठी औषधांपूर्वी विचारात घ्यावयाच्या उपायांत या उपचाराचा समावेश आहे. अर्थात त्यामागील पुरावा फारसा भक्कम नाही, हेही तेथे नमूद आहे. ब्रिटनच्या २०१६ च्या तत्त्वांनुसार तो व्यायामाच्या जोडीनेच द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली प्रौढांच्या दीर्घकालीन कंबरदुखीसाठी सुचविलेल्या उपायांत त्यास स्थान दिले. तात्पर्य, ज्यांच्या कंबरदुखीमागे अन्य आजार नाही अशा प्रौढांना यापासून माफक आराम मिळू शकतो. व्यायामाने मिळतो साधारण तितकाच. शिवाय अचानक उद्भवलेली कंबरदुखी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच ओसरते आणि श्रेय मात्र शेवटच्या उपचारास मिळते!

आपल्याकडेही उसण भरली की पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची चाल होती. केशकर्तनालयात मान मोडून घेणारे आजही आहेत. आपल्या वडीलधाऱ्यांना यातून बरे वाटले असेल, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाठ का दुखते हे त्या पायास अथवा त्या हातास कळत नसते, आणि खरा धोका तेथेच आहे.

आपल्या देशात क्षयरोग अद्याप मोठ्या प्रमाणावर आहे व तो मणक्यासही होतो. पोखरलेल्या मणक्यावर झटका बसल्यास तो खचून दोन्ही पाय कायमचे लुळे पडण्याचा संभव असतो. संध्याकाळी येणारा ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी वेदना ही लक्षणे असतील तर प्रथम तपासणी अत्यावश्यक आहे. हाच नियम पूर्वी कर्करोग झालेल्यांस लागू आहे. पाळी गेलेल्या स्त्रिया तसेच दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण यांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. साध्या दाबानेही ती मोडतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे आधी सांगावे. मानेस झटका दिल्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. त्या क्वचितच घडतात, पण घडतात. मणक्यांमधील गादी सरकून पायातील शक्ती कमी होऊ लागली असेल, तर कोणाकडूनही पाठ दाबून घेऊ नये. लघवी तुंबणे, शौचावरील ताबा जाणे किंवा मांड्यांच्या आतील भागास बधिरता येणे ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे आहेत. अशा रुग्णास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात आणावे.

अमेरिकेत व ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरना कायद्याने नोंदणी करावी लागते. भारतात त्यांच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे परदेशात रीतसर शिकून आलेला तज्ज्ञ व चार दिवसांचे प्रशिक्षण घेतलेला इसम एकाच नावाची पाटी लावू शकतात. म्हणून शिक्षण कोठे व किती वर्षे झाले, हे विचारण्यास संकोच करू नये. हिशेब हा प्रस्तुत लेखकाचा प्रांत असल्याने आणखी एक सांगणे : वीस-पंचवीस बैठकांचे पैसे आगाऊ भरू नयेत. चार-सहा बैठकांत फरक न पडल्यास पुढील खर्चाबाबत फेरविचार व्हावा.

उपरोक्त देणगीदारांशी याविषयी सविस्तर बोलणे झाले. त्यांनी मोठ्या मनाने आपला निधी फिजिओथेरपी विभागाकडे वळविण्यास संमती दिली. हाताने सांधे मोकळे करण्याचे शिक्षण आपल्या फिजिओथेरपिस्टनी घेतलेले आहे. अस्थिरोगतज्ज्ञांची तपासणी झाल्यावर, योग्य त्या रुग्णांनाच तो उपचार व्यायामासह दिला जाईल. येताना जुनी क्ष-किरण चित्रे व चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत आणाव्यात, आणि वयस्कर रुग्णांबरोबर घरातील एका व्यक्तीने अवश्य यावे, कारण घरी करावयाचे व्यायाम त्यांनाही शिकविण्यात येतील.